कप मिळाला, पण घर गेलं : एफए कप २०१२-१३ (तुम्ही काय निवडलं असतं?)

डावा विंगर
परवा जुन्या क्लिपा बघत बसलो आणि पुन्हा त्याच सामन्यापाशी येऊन अडकलो. ११ मे २०१३, वेम्बली, एफए कपची (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) फायनल. मँचेस्टर सिटी विरुद्ध विगन ॲथलेटिक. नव्वद मिनिटं उलटून गेलेली, गोलफलक कोरा. सिटीचे दहाच जण उरलेले, कारण झाबालेटाला ८४व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड मिळालेलं. शॉन मलोनीचा कॉर्नर आला, दहा मिनिटांपूर्वी बदली म्हणून उतरलेला बेन वॉटसन जवळच्या खांबापाशी उडाला आणि चेंडू डोक्याने मागे वळवून थेट जाळ्यात. १-०. विगनच्या इतिहासातला पहिला मोठा चषक.

आणि तीन दिवसांनी, १४ मेला, हेच लोक आर्सेनलकडे ४-१ हरले आणि प्रीमियर लीगमधून खालच्या विभागात गेले, म्हणजेच रेलिगेट झाले. एकाच हंगामात एफए कप जिंकून रेलिगेट झालेला हा पहिलाच संघ.

तर प्रश्न असा : १० मेच्या रात्री देव प्रसन्न होऊन म्हणाला असता, "बाळा, एकच वर मिळेल. कप, नाहीतर लीगमधला १७वा नंबर, म्हणजे खाली न जाणारा शेवटचा", तर विगनचे पाठीराखे म्हणून तुम्ही काय मागितलं असतं? "दोन्ही" चालणार नाही, आधीच सांगतो. माझं उत्तर कप. डोळे झाकून कप.

हिशोबनीस
डोळे झाकून म्हणूनच कप. उघडले असते तर आकडे दिसले असते.

कप जिंकल्याचं बक्षीस होतं १८ लाख पौंड. आणि पुढच्याच, म्हणजे २०१३-१४च्या हंगामापासून टीव्ही हक्कांचा नवा करार लागू होणार होता : तीन हंगामांचे ३ अब्ज पौंडांहून जास्त, तेही फक्त ब्रिटनमधले. म्हणजे पंगतीत पुरणपोळी वाढायला आणली आणि तेवढ्यात विगनला पानावरून उठवलं. आठ वर्षं टिकून राहायचं आणि नेमकं त्याच वर्षी जायचं! नंतर काय झालं तेही बघा. २०१५मध्ये आणखी एक पायरी खाली, २०२०मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली. माझं मत १७वा नंबर.

काकाकुवा
मी बराच काळ समजत होतो की हा व्हीगन लोकांचा संघ आहे. शाकाहारी असून इतके धावतात कसे म्हणून कौतुकही वाटायचं.

टवाळ पोर
काकाकुवा, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). त्या गावातल्या लोकांचं टोपणनाव 'पाय-ईटर्स' आहे हो. पाय म्हणजे मटणबिटण भरलेला तो ब्रिटिश प्रकार, आपले पाय नव्हेत.

मृण्मयी_एम
मी तेव्हा स्टॉकपोर्टला राहत होते, ऑफिसात निम्मे सिटीवाले, निम्मे युनायटेडवाले, आणि एक बिचारा विगनचा. त्याच्याबद्दल नंतर लिहिते, आधी त्या दिवसाचं.

फायनल परंपरेने दुपारी ३ची. त्या वर्षी टीव्हीसाठी ५.१५ला ठेवली. दोन्ही संघ वायव्य इंग्लंडमधले, सामना लंडनला, त्यामुळे आठवडाभर ऑफिसात एकच चर्चा : परतीची शेवटची गाडी मिळणार का? जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या असत्या तर रात्र युस्टन स्टेशनच्या फरशीवरच. एक सिटीवाला सोमवारी म्हणाला, "त्या वॉटसनचे आभार माना, निदान घरी तरी पोचलो." पण तो हसत नव्हता. फायनलच्या सकाळपासूनच सिटीचा मॅनेजर मान्चिनी जाणार, पेल्लेग्रिनी येणार अशा बातम्या होत्या आणि त्याच सोमवारी, १३ मेला, मान्चिनीला काढलंच. आदल्या वर्षी त्याच तारखेला अग्वेरोच्या शेवटच्या क्षणाच्या गोलावर त्याने लीग जिंकून दिली होती!

बाकावरचा बारावा
मृण्मयीताई, छान आठवण. वर्षभरात मखरातून थेट विसर्जन.

धागाकर्त्यांशी सहमत, कप. रच्याकने (बाय द वे), फायनलमध्ये लाल कार्ड मिळालेला झाबालेटा पहिलाच ना?

ऑफसाइड आजोबा
नाही हो बारावे. तिसरा. पहिला युनायटेडचा केव्हिन मोरान, १९८५. दुसरा आर्सेनलचा रेयेस, २००५. आणि गंमत म्हणजे मोरान आणि रेयेस दोघांचेही संघ जिंकले. कार्ड मिळून हरण्याचा मान झाबालेटाचा.

आता मूळ मुद्द्यावर. फायनलला पोचून त्याच वर्षी खाली गेलेले संघ याआधीही होते. लेस्टर १९६९, ब्रायटन १९८३, मिडल्सब्रो १९९७, पोर्ट्समथ २०१०. हे सगळे फायनलही हरले आणि खालीही गेले. तेलही गेलं, तूपही गेलं. या यादीतला सगळ्यात जुना संघ कोण माहीत आहे? १९२६चा मँचेस्टर सिटी! म्हणजे ८७ वर्षांनी सिटीने दुसऱ्या कुणाच्या तरी हातात निदान तूप ठेवलं.

हिशोबनीस, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण ब्रायटनच्या म्हाताऱ्यांना विचारा १९८३मध्ये लीगमध्ये काय झालं. आठवणार नाही. शेवटच्या मिनिटाला गॉर्डन स्मिथची हुकलेली संधी मात्र झोपेत उठवलं तरी सांगतील. हुकलेली संधी इतकी लक्षात राहते, तर साधलेली किती राहील!

हिशोबनीस
आजोबा, आठवणींवर खेळाडूंचे पगार होत नाहीत.

ऑफसाइड आजोबा
आणि पगारपत्रकावर कुणी पोवाडे रचत नाही.

टवाळ पोर
(पॉपकॉर्न घेऊन बसलेली बाहुली)

तिसरी घंटा
सगळे फायनललाच चिकटलेत. मला तो हंगाम आवडतो तो जानेवारीसाठी. २६ आणि २७ जानेवारी २०१३, चौथी फेरी. असा शनिवार-रविवार क्वचित येतो.

शनिवारी लुटन टाउन नॉरिचच्या मैदानावर जाऊन १-० जिंकले. लुटन तेव्हा पाचव्या पायरीवर, म्हणजे फुटबॉल लीगच्या बाहेर. २००८-०९मध्ये आर्थिक भानगडींपायी त्यांचे तब्बल ३० गुण कापले होते आणि त्यातच ते लीगबाहेर फेकले गेले होते. नॉरिच प्रीमियर लीगमध्ये. बदली आलेल्या स्कॉट रेंडलने ८०व्या मिनिटाला गोल केला. लीगबाहेरच्या संघाने अव्वल विभागातल्या संघाला हरवलं ते १९८९नंतर पहिल्यांदा. तेव्हा सटनने कॉव्हेंट्रीला हरवलं होतं. मध्ये २४ वर्षं!

रविवारी लीड्सने टॉटनहॅमला २-१ घरी पाठवलं, ब्रेंटफर्डने चेल्सीला २-२ असं रोखलं आणि तिसऱ्या विभागात धडपडणाऱ्या ओल्डहॅमने लिव्हरपूलला ३-२ हरवलं. ओल्डहॅमचा तो ताडमाड मॅट स्मिथ आठवतोय? लिव्हरपूलविरुद्ध दोन गोल. पुढच्या फेरीत एव्हर्टनविरुद्ध ९५व्या मिनिटाला हेडर मारून २-२. रिप्लेत (बरोबरीनंतर पुन्हा होणाऱ्या सामन्यात) हरले, पण काय मजा आणली.

एवढ्या सगळ्यात विगन काय करत होतं? मॅकल्सफील्डच्या मैदानावर एका पेनल्टीवर कसंबसं १-० जिंकत होतं. मॅकल्सफील्डही लीगबाहेरचेच. कुणाचं लक्षही नव्हतं.

बाकावरचा बारावा
लुटन नंतर २०२३ला प्रीमियर लीगमध्ये आले आणि ओल्डहॅम २०२२ला फुटबॉल लीगमधूनच बाहेर पडले. एकेकाळी प्रीमियर लीगमध्ये खेळलेला आणि लीगबाहेर गेलेला पहिला संघ. त्या दोन दिवसांत दोघे एकाच ढगावर होते.

तिसरी घंटा
बारावे, हे वाचून जरा गलबलल्यासारखं झालं.

कोल्हापुरी किक
अवांतराबद्दल क्षमस्व, पण ब्लॅकबर्नचं नाव अजून कसं निघालं नाही? आपल्या पुण्याच्या वेंकीजचा क्लब! २०१०ला घेतला, २०१२ला खाली गेला, आणि २०१२-१३मध्ये मॅनेजर इतक्या वेगाने बदलले की सामन्याच्या पुस्तिकेत पेन्सिलीनेच नाव लिहीत असतील. हेनिंग बर्ग ५७ दिवस, मायकेल ॲपलटन ६७ दिवस. आणि त्याच ॲपलटनने मधल्या काळात आर्सेनलच्या घरी, एमिरेट्सवर जाऊन त्यांना १-० हरवलं! पाचवी फेरी, काझिम-रिचर्ड्सचा गोल. महिन्याभराने नारळ.

टवाळ पोर
अंडं आधी की मॅनेजर आधी?

कोल्हापुरी किक
अंड्यावरून आठवलं. मे २०१२, ब्लॅकबर्न ज्या सामन्यात रेलिगेट झाले त्यात मालकांच्या निषेधार्थ कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. समोरचा संघ कोणता होता सांगा बरं?

काकाकुवा
विगन म्हणू नका.

कोल्हापुरी किक
विगनच!! ०-१ हरले.

काकाकुवा
व्हीगन लोकांसमोर कोंबडी. आता मात्र माझं हहपुवा. दंडवत.

मध्यरेषा
गंमत बाजूला ठेवून एक बोलतो. ब्लॅकबर्न आणि विगनमध्ये कोंबडीपेक्षा जुना धागा आहे. विगनचे मालक डेव्ह व्हेलन १९६०च्या एफए कप फायनलमध्ये ब्लॅकबर्नकडून खेळले होते. मध्यंतराच्या जरा आधी त्यांचा पाय मोडला. तेव्हा बदली खेळाडूची पद्धतच नव्हती, त्यामुळे दहा जणांनी उरलेला सामना काढला आणि वुल्व्हजकडे ३-० हरले. पुढे माणूस धंद्यात पडला, पैसा कमावला, १९९५ला चौथ्या पायरीवरचा विगन विकत घेतला. आणि २०१३ला, पाय मोडल्यावर ५३ वर्षांनी, वेम्बलीवर मॅनेजर मार्टिनेझबरोबर संघाच्या पुढे चालत मैदानात आले.

आता वॉटसनकडे बघा. नोव्हेंबर २०१२मध्ये लिव्हरपूलविरुद्ध त्याचाही पाय मोडला होता. महिनोन्महिने बाहेर. फायनलच्या थोडं आधी परतला, ८१व्या मिनिटाला उतरला आणि एका हेडरमध्ये काम संपवलं. मालकाचा पाय ज्या सामन्याने घेतला तो कप एका मोडून जोडलेल्या पायवाल्याने आणून दिला. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने "फार जुळवून आणलंय" म्हणून कापलं असतं.

म्हणून हिशोबनीसांना विचारतो, व्हेलन स्वतः पक्के व्यापारी होते. त्यांना १८ लाख आणि ३ अब्ज यातला फरक कळत नसेल का?

हिशोबनीस
मध्यरेषा, कळत होता म्हणूनच तर आठ वर्षं टिकले. हा किस्सा ऐकून मीही विरघळतो, पण व्हेलनचं स्वप्न वेगळं आणि तिकीटविक्रीच्या खिडकीवर नोकरी करणाऱ्याचं पोट वेगळं. क्लब खाली गेला की सगळ्यात आधी अशांच्या नोकऱ्या जातात. तो कप कुणी निवडला, कुणासाठी निवडला, हे विचारायला हवं.

डावा विंगर
हिशोबनीस, हा मुद्दा पटला. मी प्रश्नात "पाठीराखे म्हणून" असं घातलं ते त्यासाठीच, पण पाठीराखे आणि नोकर एकाच गावातले असतात हे माझ्या डोक्यात नव्हतं.

सायली_गोलपोस्ट
मला इथे एक प्रामाणिक शंका आहे. निवड करायची वेळच कुठे आली होती? जणू विगनने कपकडे लक्ष दिलं म्हणून लीग गेली असं सगळे बोलताहेत. त्यांनी कपमध्येही बरेचदा दुसऱ्या फळीचेच खेळाडू खेळवले होते. तिसऱ्या फेरीत बोर्नमथशी घरी १-१, मग रिप्लेत बोसेलीच्या गोलवर १-०. गोलकीपरसुद्धा फायनलला नेहमीचा अल-हब्सी नव्हता, उसना आणलेला होएल रोब्लेस होता. लीगमध्ये ३८ सामन्यांत ३६ गुण. १७वे आलेल्या सुंदरलंडचे ३९. हे तीन गुण ऑगस्टपासून मेपर्यंत केव्हाही गेले असतील, त्याचं खापर वेम्बलीवर का?

ऑफसाइड आजोबा
सायली, +१. आणि याच लोकांनी २०११-१२ला शेवटच्या ९पैकी ७ सामने जिंकून स्वतःला वाचवलं होतं, त्यात युनायटेड आणि आर्सेनल दोघांना हरवून. दरवर्षी एप्रिल आला की हे जागे व्हायचे. रोज रात्री दोरीवरून चालणारा एक दिवस पडतोच.

सायली_गोलपोस्ट
शिवाय मला आवडलेला सामना फायनल नाहीच. गुडिसन पार्कवर एव्हर्टनविरुद्धची उपउपांत्य फेरी. फिगेरोआ, मॅकमॅनमन, गोमेझ : चार मिनिटांच्या आत तीन गोल! घरचे प्रेक्षक चहा घेऊन जागेवर येईपर्यंत सामना संपलेला. आणि तीन महिन्यांनी एव्हर्टनने कुणाला मॅनेजर नेमलं? ज्याने हे केलं त्या मार्टिनेझला. चोरी झाल्यावर चोरालाच वॉचमन ठेवावं तसं.

टवाळ पोर
चार मिनिटांत तीन घरफोड्या करतो म्हणजे कुलपांची माहिती असणारच. योग्य नेमणूक.

मध्यरेषा
मॅकमॅनमन फायनलचाही सामनावीर होता. झाबालेटाचं दुसरं कार्डही त्यालाच पाडल्याबद्दल.

जुना जाणता
इतका वेळ वाचत होतो. माझ्यासाठी तो हंगाम म्हणजे २ डिसेंबर २०१२, दुसरी फेरी, एमके डॉन्स विरुद्ध एएफसी विम्बल्डन. ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी : विम्बल्डन हा १९८८ला लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला क्लब. २००२ला त्याला मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी दिली गेली, साठ-सत्तर मैल दूर. नंतर नावही बदलून एमके डॉन्स झालं. पाठीराख्यांनी २००२लाच स्वतःचा नवा क्लब, एएफसी विम्बल्डन, काढला, तळापासून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत फुटबॉल लीगमध्ये पोचले. आणि मग कपच्या सोडतीत हे दोघे समोरासमोर. पहिल्यांदाच.

अनेक विम्बल्डनवाल्यांनी जायचंच नाही असं ठरवलं, जे गेले त्यांनाही आत शिरताना कसंतरी झालं असेल. एमके पुढे, मग मिडसनने बरोबरी साधली, आणि इंज्युरी टाइममध्ये ओत्सेमोबोरच्या टाचेला लागून चेंडू आत. २-१. चांगुलपणाचा विजय वगैरे काही झालं नाही.

विगनचा प्रश्न तुम्हाला कठीण वाटतो. या लोकांकडे १९८८चा कप होता, आणि क्लबच नेला गेला. कप की घर हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरी घंटा
जुना जाणता, कडक प्रतिसाद. पण अंतर साठ-सत्तर नाही, पन्नास-साठ मैलांच्या घरात असावं.

जुना जाणता
मान्य, दुरुस्ती स्वीकारली. त्यांना ते हजार मैल वाटलं असेल.

बाकावरचा बारावा
एक वेगळी तक्रार. बोर्नमथ-विगन रिप्ले, ओल्डहॅम-एव्हर्टन रिप्ले, ब्रेंटफर्ड-चेल्सी रिप्ले... यातलं आता काहीच होणार नाही. २०२४-२५पासून पहिल्या फेरीपासूनच रिप्ले बंद. बरोबरी झाली की जादा वेळ, मग पेनल्टी. छोट्या क्लबला मोठ्या मैदानावरचा दुसरा सामना म्हणजे वर्षाची बेगमी असायची. हिशोबनीस, यावर तरी आपण एकत्र?

हिशोबनीस
एकत्र. शंभर टक्के. तारीख लिहून ठेवा.

सायली_गोलपोस्ट
मी नाही. युनायटेड-चेल्सीचा त्याच वर्षीचा रिप्ले आठवा, २-२ नंतर तीन आठवडे थांबून डेंबा बाच्या एका गोलसाठी १-०. तो गोल सुंदर होता, मान्य. पण त्या हंगामात चेल्सीचे सामने मोजताना बोटं संपली होती. ब्रेंटफर्डला रिप्लेत मिळालं काय, तर ०-४.

कोल्हापुरी किक
ब्लॅकबर्नलाही रिप्लेनेच घालवलं. मिलवॉलशी तिकडे ०-०, घरी ०-१. नाहीतर वेम्बलीवर विगन विरुद्ध ब्लॅकबर्न उपांत्य सामना झाला असता!

काकाकुवा
आणि मी कोंबडी घेऊन गेलो असतो.

डावा विंगर
लोकहो, गाडी रुळावर. मृण्मयीताई, तो विगनवाला सहकारी राहिला.

मृण्मयी_एम
हो हो, विसरले नाही, मुलीची परीक्षा चालू होती.

तर आमचा विगनवाला. पन्नाशीचा, अबोल, वडिलांबरोबर लहानपणापासून सामन्यांना जाणारा. विगन फुटबॉल लीगमध्ये आलं १९७८ला, म्हणजे याच्या लहानपणी क्लब लीगमध्येसुद्धा नव्हता. गावात रग्बीचं प्रस्थ, फुटबॉलवाल्यांना कुणी विचारत नसे. फायनलनंतरच्या सोमवारी तो कामावर आला आणि दिवसभर काही बोलला नाही, नुसता संगणकाकडे बघून मधूनच हसायचा. मंगळवारी रात्री रेलिगेट झाले. बुधवारी सगळे त्याच्याशी दुखवट्याला आल्यासारखे हळू आवाजात बोलत होते. मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, अगदी या धाग्यातलाच प्रश्न. कप की १७वा नंबर?

त्याने खिशातून पाकीट काढलं, त्यात फायनलच्या तिकिटाचा तुकडा. म्हणाला, हे बाबांच्या तसबिरीच्या चौकटीत लावणार आहे, चौकट बनवायला टाकलीय. मग जरा थांबून म्हणाला, "पण पुढच्या वर्षी सीझन तिकीट तरी स्वस्त होईल का?"

हिशोबनीस
हा माझा माणूस.

मध्यरेषा
तसबीर आधी, हिशोब नंतर. आमचा माणूस.

ऑफसाइड आजोबा
दोघांनी वाटून घ्या. आणि हिशोबनीस, विगनने खालच्या विभागातून २०१४ला पुन्हा कपच्या उपउपांत्य फेरीत सिटीला त्यांच्याच घरी २-१ हरवलं. २०१८ला त्याहून खालच्या विभागातून १-०, विल ग्रिग. हे कुठल्या रकान्यात टाकणार?

हिशोबनीस
"इतर उत्पन्न".

टवाळ पोर
धाग्याने शतक ठोकलं नाही तर माझ्यावर आहे. १९८७-८८च्या विम्बल्डनवर कोण लिहितंय? जुना जाणता, तुमच्याकडे बघतोय.

जुना जाणता
रविवारी बसतो. कोंबड्या आणू नका.